संजानचा ताजिक अधिपती आणि साष्टीचा किनारा

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास सांगायची एक ठरलेली रीत आहे. बोरिवलीची कान्हेरी, अंधेरीची महाकाली, जोगेश्वरी आणि मंडपेश्वर ही लेणी झाली की लेखक एका उडीत पोर्तुगीजांच्या चर्चपाशी आणि गढ्यांपाशी येतो, तिथून थेट रेल्वेपाशी. मधली सहा-सातशे वर्षे ‘शिलाहारांची राजवट’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतात. याच काळात अरबी ग्रंथांत हा किनारा मात्र पुन्हा पुन्हा येतो. सोपाऱ्याचे सुबारा, ठाण्याचे ताना, चौलचे सैमूर ही नावे नवव्या-दहाव्या शतकातल्या अरब भूगोलकारांना परिचयाची होती. साष्टी बेटावरची आजची, वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची सगळी उपनगरे म्हणजे ताना आणि सुबारा या बंदरांच्या ऐन शेजारचा भूभाग. तेव्हा प्रश्न असा, की या किनाऱ्यावर आलेले अरब नेमके कोण होते? दोन उत्तरे तयारच असतात. पुढच्या स्वाऱ्यांचे ते अग्रदूत होते, हे एक. आणि ते शांतताप्रिय व्यापारी होते, सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की जे काही केले ते अरबांनी केले; कोकण नुसते पाहत राहिले. उपलब्ध पुरावा एकत्र ठेवून वाचला तर चित्र उलटे दिसते. अरबांना इथे वसवले, त्यांना अधिकार दिले आणि त्यांच्याकडून काम करून घेतले ते इथल्या राजांनी, आणि तेही पूर्णपणे स्वतःच्या हिशेबाने.

आधी ‘अरब’ या नावाखाली कोण कोण मोडतात ते पाहिले पाहिजे. इराणच्या किनाऱ्यावरचे सिराफ, ओमानचे सुहार, शत्त-अल-अरबजवळचे बसरा ही त्या काळची मोठी बंदरे. यांतले सिराफ इराणात. तिथल्या लोकांची घरची बोली बहुधा फारसी, हिशेबाची आणि धर्माची भाषा अरबी. डेव्हिड व्हाइटहाउस यांनी १९६६ ते १९७३ या काळात तिथे उत्खनन केले तेव्हा डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीने उभे राहिलेले, शेतीला जवळजवळ वाव नसलेले शहर समोर आले. आखाताच्या दोन्ही काठांची हीच अवस्था होती. मागे वाळवंट किंवा उघडा डोंगर, पुढे पाणी. वाळवंटाकडून खजूर, घोडे, उंट आणि कातडी यायची; समुद्रातून मासळी आणि मोती. जहाजाला लागणारे चांगले लाकूड, ते शिवायला लागणारा काथ्या आणि पोटाला लागणारा तांदूळ मात्र बाहेरून आणावा लागे. या तिन्ही गोष्टी कोकणात मुबलक. शिवाय वारा दोघांनाही सक्तीने थांबवत होता. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याची बंदरे बंद, परतीचा वारा हिवाळ्यात. त्यामुळे आलेला माणूस महिनोन् महिने बंदरातच अडकून पडे. वखार लागे, स्वयंपाक लागे, बऱ्याचदा संसारही थाटला जाई. वस्तीची सुरुवात कुठल्या आक्रमक धोरणातून नव्हे, वाऱ्याच्या वेळापत्रकातून झाली.

ही ये-जा अरबांच्याही आधीची आहे, हे आता खापऱ्यांवरून सिद्ध झाले आहे. पश्चिम भारतातल्या उत्खननांत सापडणाऱ्या जाड, बिनकानाच्या, निमुळत्या बुडाच्या लांबोळक्या रांजणांचे तुकडे बरीच वर्षे ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदले जात होते. रोमशी व्यापार ही आपल्या पुरातत्त्वाची आवडती कथा असल्याने कुणाला फारशी शंकाही आली नाही. रॉबर्टा टॉम्बर यांनी हे तुकडे पुन्हा तपासून २००७ मध्ये दाखवून दिले, की यांतला मोठा वाटा भूमध्य समुद्राकडचा नसून मेसोपोटेमिया आणि आखाताकडचा आहे. घारापुरी हे अशा तुकड्यांचे एक महत्त्वाचे ठिकाण. या रांजणांना अभ्यासक ‘टॉर्पेडो जार’ म्हणतात. फुटका तुकडा हातात घेतला की बाहेरून मातकट, खरखरीत. आतल्या अंगाला मात्र काळा, चकचकीत थर. तो डांबराचा. आतला द्रव पाझरू नये म्हणून दिलेला. हे डांबर नैसर्गिक झऱ्यांतले असल्याने प्रत्येक प्रदेशाची त्याची रासायनिक घडण वेगळी असते. श्रीलंकेतल्या अनुराधपूरला सापडलेल्या अशाच तुकड्यांतले डांबर इराणच्या नैर्ऋत्य भागातल्या सुसा परिसराशी जुळते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून समोर आले. म्हणजे सासानी काळापासून इस्लामच्या पहिल्या दोन-तीन शतकांपर्यंत रांजणांची ही वाहतूक चालूच होती. राज्य बदलले, धर्म बदलला, रांजण तोच राहिला. संजानला २००२ ते २००४ या तीन हंगामांत झालेल्या उत्खननातही आखाताकडची निळी-हिरवी काचलेपाची भांडी आणि चिनी भांडी मिळाली. रुक्षणा नानजी यांनी त्यांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला आहे.

खापऱ्या माल आल्याचे सांगतात, माणसे राहिल्याचे नाही, हा आक्षेप रास्त आहे. रांजण एका जहाजातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असाही प्रवास करू शकतो. म्हणून लिखित पुराव्याकडे वळावे लागते. ‘सुलेमान व्यापारी’ या नावाशी जोडलेल्या इ. स. ८५१ च्या वृत्तांतात बल्हरा हा हिंदुस्थानातला पहिल्या प्रतीचा राजा आणि अरबांचा स्नेही म्हणून येतो. बल्हरा म्हणजे वल्लभराज, मान्यखेटचे राष्ट्रकूट. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी अल-मसूदी स्वतः या किनाऱ्यावर आला. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास, तो सैमूरला होता. तिथला राजा त्याने झंझ म्हणून नोंदवला आहे. हा उत्तर कोकणच्या शिलाहारांचा झंझ, राष्ट्रकूटांचा मांडलिक. मसूदी सांगतो, की सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते; काही सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन स्थायिक झालेले, तर बरेच ‘बयासिरा’, म्हणजे इथेच जन्मलेले. त्यांच्यावर एक प्रमुख असे. त्याला हुनरमन म्हणत, तो त्यांच्यातलाच असे आणि त्याची नेमणूक राजा करी. या झंझानेच स्वतःच्या नावाची बारा शिवालये बांधली, असे नंतरचे शिलाहार ताम्रपट सांगतात. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत, आणि त्या काळातल्या कुणाला त्यात विसंगती दिसलेली नाही.

दहा हजार हा आकडा मध्ययुगीन गोल आकडा आहे, तो डोळे झाकून घेऊ नये. पण तो दहा पटींनी फुगवलेला मानला तरी हजार उरतात, आणि युक्तिवादाला तेवढे पुरतात. महत्त्वाचा आहे तो हुनरमन. पाच-पन्नास फिरत्या व्यापाऱ्यांसाठी कुणी राजमान्य न्यायाधीश नेमत नाही. हे पद असण्यामागे वारसा, लग्न, उधारी, मारामारी असे कायमच्या वस्तीतले सगळे तंटे उभे राहिलेले दिसतात. हे पद चालायचे कसे, याची एक झलक बुझुर्ग इब्न शहरियार या नाखुदाच्या नावावर असलेल्या ‘अजाइब अल-हिंद’ या दहाव्या शतकातल्या दर्यावर्दी कथांच्या संग्रहात मिळते. सैमूरला अब्बास इब्न माहान नावाचा सिराफी माणूस हुनरमन होता. एका परक्या खलाशाने देवळात शिरून मूर्तीची अश्लील विटंबना केली आणि तो पकडला गेला. त्याला हत्तीच्या पायी द्यावे, असा काहींनी राजाला सल्ला दिला. राजा म्हणाला, की हा अरब आहे आणि आपल्यात नि त्यांच्यात करार आहे. हुनरमनालाच विचारा, की तुमच्या मशिदीत कुणी बाईबरोबर असे वागताना सापडला तर तुमच्यात शिक्षा काय? अब्बासने मृत्युदंड सांगितला, आणि खलाशाला तोच मिळाला. पुढे अब्बासच घाबरला आणि राजाला कळू न देता सैमूर सोडून गेला. ही खलाशांची गोष्ट आहे, न्यायालयाची नोंद नव्हे. तपशील खरे असतीलच असे नाही. पण आखातातल्या श्रोत्यांना पटेल अशी ती रचलेली आहे, आणि तिच्यात राजा करार मानतो, मानतानाच निकाल मात्र आपल्याला हवा तोच लागेल असा प्रश्न विचारतो. स्वायत्तता होती, पण ती राजाच्या हातातून दिलेली. अब्बासला हे नेमके कळले होते, म्हणून तर तो पळाला.

समजूतदारपणा एकाच बाजूचा होता असेही नाही. सिराफचा अबू झैद त्याच सुमारास लिहितो, की हिंदी व्यापारी सिराफला येतात तेव्हा तिथला एखादा बडा व्यापारी त्यांना जेवायला बोलावतो. माणसे शंभरेक असतात आणि प्रत्येकासमोर वेगळे ताट मांडावे लागते, कारण त्यांच्यातले कुणी दुसऱ्याच्या पानात जेवत नाही. अबू झैदला ही चाल चमत्कारिक वाटते, तो ती नवल म्हणूनच नोंदवतो. पण यजमान शंभर ताटे मांडतोच. आपले लोक समुद्र ओलांडत नव्हते, ओलांडला तर बाटत, असे शाळेपासून ऐकलेल्या वाचकाने या शंभर ताटांकडे जरा थांबून पाहावे.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र अरबी नाही, संस्कृत आहे. पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी १९५५ मध्ये काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते संपादित केले. त्यांतला सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळातला आहे. त्यात संयान मंडलाचा, म्हणजे संजान प्रदेशाचा, अधिपती म्हणून मधुमती नावाचा माणूस येतो. तो ताजिक (संस्कृत लेखांत अरबांसाठी येणारा शब्द) कुळातला, सहियारहाराचा मुलगा, आणि सुगतिप हे त्याचे दुसरे नाव. मधुमती हे मुहम्मदचे संस्कृत रूप, याबद्दल अभ्यासकांत दुमत नाही. राष्ट्रकूट दुसऱ्या कृष्णाने त्याला हा प्रांत दिला होता. आसपासच्या बंदरांच्या प्रमुखांना त्याने धन्यासाठी जिंकले आणि तिथे आपले अधिकारी बसवले. त्याने दोन प्रवाहांवर फुकट तरीची सोय केली. एक अन्नसत्र काढले, आणि त्यात काय वाढले जाई तेही पट सांगतो: साळीचा भात, कालवण आणि तूप. पटाचा मुख्य विषय आहे एका मठिकेला दिलेले दान. अण्णैय्या नावाच्या ब्राह्मणाने संयान इथे भगवतीची मठिका बांधली होती. तिच्या खर्चासाठी एक गाव आणि शेजारच्या दुसऱ्या गावातली जमीन या ताजिक अधिपतीने राजाच्या संमतीने दिली. पटाची भाषा, दानाचे शब्द, साक्षी-सीमांची रीत सगळी नेहमीची. देणारा मुसलमान आहे म्हणून कुठे वेगळा सूर लागलेला नाही. रणवीर चक्रवर्ती यांनी या पटांचा अभ्यास करताना राजे, व्यापारी आणि मठ यांची सांगड दाखवली आहे ती याच अर्थाने: बंदराच्या आसपासचा पैसा, सत्ता आणि पुण्य एकाच यंत्रणेतून फिरत होते.

आता यावरचा मोठा आक्षेप. या किनाऱ्याशी अरबांचा पहिला नोंदलेला संबंध व्यापाराचा नाही, हल्ल्याचा आहे. नवव्या शतकातला इतिहासकार अल-बलाझुरी लिहितो, की हिजरी १५ मध्ये, म्हणजे इ. स. ६३६ च्या सुमारास, बहरीन-ओमानचा सुभा मिळालेल्या उस्मान इब्न अबी अल-आस याने ताना बंदरावर आरमार पाठवले. मुलुंडच्या टोलनाक्यापलीकडचे ठाणे ते हेच. याला पांघरूण घालायचे कारण नाही. पण बलाझुरीचे पुढचे वाक्यही वाचले पाहिजे. खलिफा उमर या मोहिमेवर संतापला. माणसे दगावली असती तर तेवढीच तुझ्या जमातीतून वसूल केली असती, असे त्याने उस्मानला लिहिले. दुसरी नोंद याहून बोलकी आहे. सिंधकडून खुश्कीने आलेल्या ताजिक सैन्याला गुजरातेत चालुक्य अवनिजनाश्रय पुलकेशीने परतवले, असे त्याचा इ. स. ७३९ चा नवसारी ताम्रपट अभिमानाने सांगतो. नवसारी ते संजान हे अंतर फार नाही, आणि ७३९ ते ९२६ म्हणजे दोनशे वर्षेही नाहीत. एका पटात ताजिक शत्रू, दुसऱ्यात ताजिक अधिपती. राष्ट्रकूटांच्या दरबाराला ताजिक कोण हे ठाऊक नव्हते, असे म्हणायची सोयच नाही. त्यांना ठाऊक होते, आणि तरीही त्यांनी मधुमतीला संजान दिले. सिंधच्या अरब अमिराची फौज आणि सिराफच्या व्यापाऱ्याची वखार यांतला फरक त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळत असावा. शिवाय उत्तरेचे गुर्जर-प्रतिहार हे सिंधच्या अरबांचे वैरी आणि राष्ट्रकूटांचेही. अरब लेखक गुर्जर राजाला अरबांचा शत्रू आणि बल्हराला मित्र म्हणतात त्यामागे हे सरळ राजकारण आहे. त्यात उदारमतवाद शोधू नये.

राजाच्या पदरात काय पडत होते, हे खारेपाटणच्या ताम्रपटांतून दिसते. दक्षिण कोकणच्या शिलाहार रट्टराजाचा १००८ चा पट अव्वेश्वराच्या देवळाला उत्पन्न लावून देतो, आणि त्या उत्पन्नात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याणक सोने धरले आहे. देवाची पूजा, मठातल्या तपस्व्यांचे जेवण परकी जहाजांच्या जकातीतून चालावे अशी ही व्यवस्था. तिच्याशेजारी गोव्याच्या कदंबांचा १०५३ चा पट ठेवावा. पहिल्या जयकेशीने ताजिक कुळातल्या छडम नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला मशिदीच्या खर्चासाठी जहाजांवर आणि व्यापाऱ्यांवर ठरावीक पट्टी बसवायची परवानगी दिली. छडमच्या आजोबाने, मदुमदाने, जयकेशीच्या आजोबाला समुद्रात संकटात सापडलेले असताना मदत केली होती, असे तो पट सांगतो. एका बंदरात जहाजाच्या पट्टीवर शिवालय चालते, दुसऱ्यात मशीद. तिसरा पुरावा उत्तर कोकणातला. शिलाहार अनंतदेवाने १०९५ च्या सुमारास आपल्या दोन अमात्यांच्या जहाजांना ठाणे, सोपारे, चौल आणि किनाऱ्यावरचे नागपूर या बंदरांत जकात माफ केली. यातून दोन गोष्टी कळतात. इथल्या श्रीमंतांची स्वतःची जहाजे होती; समुद्र अरबांच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता. आणि माफी ही कृपा ठरावी इतकी जकात भारी होती. शेतसारा पावसावर अवलंबून. कोकणाच्या डोंगराळ पट्टीत तो तसाही बेताचाच. जकात नगद. म्हणूनच आखातातली भाषा, तिथले नाखुदे आणि तिथले भाव जाणणारा माणूस बंदरावर बसवणे हे शहाणपणाचे होते, आणि तो माणूस परका असल्याचा एक जादा फायदा म्हणजे त्याच्यामागे स्थानिक जमीनदारांचे बळ नसे.

ताजिक म्हणजे अरबच कशावरून, इराणी का नाहीत, असा प्रश्न काही जण काढतात. हा शब्द मध्य फारसीतून आला आणि तिथे तो अरबांसाठीच होता. पण सिराफचे उदाहरण पाहता कोकणातल्या कारकुनाने प्रत्येकाची वंशावळ तपासून तो लिहिला असेल असे वाटत नाही. आखाताकडचा मुसलमान, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ असावा. आखाताकडचे बिगर-मुसलमानही इथे होतेच. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ मधले. लेणी पाहायला आलेल्या जरथुष्ट्री मंडळींनी त्यात आपली नावे आणि तारखा कोरल्या. बौद्ध लेण्यात शिवभक्त राजांच्या अमलात पारशांनी कोरलेली ही नावे आजही बोरिवलीच्या नॅशनल पार्कात वाचता येतात, अर्थात पहलवी येत असेल तर. चिंचणीच्याच १०३४ च्या पटात, शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याच्या काळातल्या, गावच्या प्रतिष्ठितांच्या यादीत अल्लिय, महर आणि मधुमत ही नावे हिंदू नावांच्या रांगेतच येतात. मधुमती सुगतिपानंतर शंभर वर्षांनी तिथे ताजिक अधिपती राहिलेला नाही, पण ताजिक नावांचे नागरिक आहेत. अधिकार गेला, वस्ती उरली. आक्रमक असते तर क्रम उलटा दिसायला हवा होता.

एवढे सांगून झाल्यावर या काळाला सोन्याचे दिवस म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण पुरावा तसा नाही. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याविषयी लिहितो, की तिथल्या राजाने चाच्यांशी सौदा केला होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. कारण राजाच्या मुलुखात घोडे पैदा होत नाहीत आणि ते समुद्रावाटे येतात. अरबस्तान आणि इराणच्या कोरड्या प्रदेशात वाढलेले घोडे आखातातल्या बंदरांतून यायचे, वाटेतल्या हालांनी बरेच मरायचे, उरलेल्यांना प्रचंड भाव मिळायचा. ज्या किनाऱ्यावर पूर्वीचे राजे ताजिकांना अधिकार देत होते, तिथल्याच राजाला आता त्यांची जहाजे लुटवून घोडे मिळवणे परवडू लागले होते. हिशेब तोच, फक्त उत्तर बदलले. बोरिवली पश्चिमेला एक्सर गावातले वीरगळ या काळाच्या आसपासचेच. पुरुषाहून उंच शिळा, आणि त्यांवर लढाऊ गलबते. टोकदार नाळ, मधोमध डोलकाठी, बाजूने ओळीने बाहेर आलेली वल्ही, वर धनुष्यबाण घेतलेले सैनिक. ही लढाई शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातली, १२६५ च्या सुमाराची, असे हेन्री कझिन्स यांनी सुचवले. तारखेबद्दल आजही वाद आहे. पण एक गोष्ट निर्विवाद आहे, की साष्टीच्या राजांपाशी स्वतःचे आरमार होते. अरबांना किनाऱ्यावर जागा मिळाली ती राजे दुबळे होते म्हणून नव्हे, या निष्कर्षाला खुद्द उपनगरांतच दगडी पुरावा आहे.

चौदाव्या शतकात दिल्लीची आणि पुढे बहमनींची, गुजरातची सत्ता कोकणात आली, तेव्हा मुसलमान इथे नवे नव्हते, राज्यकर्ते म्हणून नवे होते. अलिबागजवळच्या नागावचा शके १२८९ चा, म्हणजे १३६७ चा शिलालेख मराठीत आहे आणि त्यात शकाबरोबर हिजरी ७६९ ही गणनाही दिलेली आहे. त्यातला राज्यकर्ता हंबीरराव हा हिंदूच. वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीत नायत्यांच्या अमलाचा उल्लेख येतो. नायते किंवा नवायत हे किनाऱ्यावरचे, स्वतःला अरब वंशाचे म्हणवणारे लोक. इराकचा सुभेदार हज्जाज याच्या छळाला कंटाळून पूर्वज आखातातून गलबतांत बसून निघाले, अशी त्यांची परंपरा सांगते. ती जशीच्या तशी इतिहास म्हणून घेता येत नाही. अशा निर्वासित-कथा किनाऱ्यावरच्या अनेक जमाती सांगतात, आणि मसूदीचे बयासिरा पाहता या घराण्यांतल्या आज्या-पणज्या बहुतांशी इथल्याच असणार. याच नवायतांतले माहीमचे मखदूम अली महाइमी, १३७२ ते १४३१. त्यांनी माहीममध्ये बसून कुराणावर अरबीत भाष्य लिहिले; हिंदुस्थानात लिहिल्या गेलेल्या पहिल्या कुराणभाष्यांत त्याची गणना होते. त्यांच्या उरुसात आज पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. विद्वत्तेची अशी परंपरा एखाद्या पिढीत उगवत नाही. तिच्यामागे मदरसे, पोथ्या, काझी आणि त्यांना पोसणारी दोन-चार शतकांची सुस्थित वस्ती लागते. ही वस्ती शिलाहारांच्या काळात घडली.

मग ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि स्थानिक इतिहासांत का नाही? दडपली म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. मला ते पटत नाही. पुरावा तीन वेगवेगळ्या कपाटांत पडला, हे खरे कारण. ताम्रपट संस्कृतज्ञांकडे, प्रवासवर्णने अरबीच्या अभ्यासकांकडे, खापऱ्या पुरातत्त्वज्ञांकडे. वा. वि. मिराशींनी १९७७ मध्ये शिलाहारांचे लेख एकत्र छापले, पण त्यांच्या शेजारी मसूदी ठेवून वाचणारे थोडे. त्यात नंतरच्या आठवणींची भर पडते. एकोणिसाव्या शतकातले भायखळ्याचे अरबी घोड्यांचे तबेले, बहरीनचे मोती विकायला मुंबईत येणारे शेख, १९६० च्या दशकापर्यंत आखातात चालणारा रुपया हे सगळे इतके ठळक आहे, की अरब संबंध म्हणजे ब्रिटिश मुंबईचीच बाब असे वाटू लागते.

उपनगरांपुरती एक अडचण आणखी आहे, आणि ती माझ्या युक्तिवादाच्याही विरुद्ध वापरता येईल. चिंचणी, संजान, चौल, घारापुरी ही सगळी ठिकाणे साष्टीच्या आजूबाजूची. खुद्द साष्टीच्या मातीतून अरब वस्तीचा थेट पुरावा फार थोडा. पुरावा नाही म्हणून वस्ती नव्हती, असे म्हणता येईल का? जिथे खोदलेच नाही तिथे हा निष्कर्ष काढता येत नाही. गेल्या दशकात मुंबई विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना घेऊन साष्टीची पायी पाहणी केली, तेव्हा गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळा), वीरगळ, देवळांचे अवशेष आणि खापऱ्या झोपड्यांच्या, कॉलन्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला पडलेल्या मिळाल्या. ही पाहणी जमिनीवरची आहे. तिच्याखाली काय आहे ते पायलिंगच्या यंत्रांनाच ठाऊक. मनोरी, गोराई, मढ, वर्सोवा आणि माहूलच्या खाड्यांत अजून काही जागा बांधकामाविना आहेत. तिथे उत्खनन व्हावे, निदान मिळालेल्या खापऱ्यांतला काळा थर तपासला जावा. अनुराधपूरच्या तुकड्यांवर जी चाचणी झाली ती साष्टीच्या तुकड्यांवर करायला फार मोठा खर्च नाही. निकाल माझ्या म्हणण्याविरुद्ध गेला तर एवढेच ठरेल, की उपनगरांची ही जमीन ठाणे आणि सोपारे यांच्यामधली शेतीची मागची बाजू होती आणि ताजिकांच्या वखारी त्या बंदरांत होत्या. तसे झाले तरी चिंचणीच्या पटातला भात, कालवण आणि तूप वाढणारा मधुमती तिथून हलत नाही.